हिरेमठ बाईंच्या चिठ्ठीतला शेवटचा आकडा

५ मे, निपाणी
अर्धांगाच्या झटक्याला आज सहा आठवडे. डावा हात, जाड पेन, पानात सात ओळी. अजून एकाचे दोन दिसतात, बारीक वाचायला बंदी. २९ ला शाळा उघडणार. नववीपुढं गणित घेऊन उभा राहीन असं वाटत नाही. राजीनामा लिहून ठेवलाय. सही तेवढी बाकी.

७ मे
जुन्या कंपासपेटीत हिरेमठ बाईंची चिठ्ठी. सातवीत दिलेली. आई विड्या वळायची, मी शेजारी बसून भागाकार. ते बघून बाई म्हणाल्या होत्या, "ही घे रं तुला. परिपूर्ण संख्या. सहा सोडून सहाचे भाजक एक, दोन, तीन. बेरीज केलास तर परत सहाच. तशीच ही, पण लई मोठी." दरवर्षी शेवटच्या तासाला फळ्यावर मांडायचो. आता एकही आकडा आठवत नाही.
चिठ्ठीतले आकडे कन्नड, पेन्सिलीचे. बायकोनं, सुनंदानं, वाचून दाखवले : ३३५५०३३९.
ठरवलं. ही फुटली, म्हणजे हिचे अवयव पाडता आले, तर शाळा. नाहीतर सही.

१० मे
३ नं जात नाही. ७, ११, १३, १७, १९, २३... कशानंच नाही. तीन दिवस! पूर्वी मुलांसमोर बोलता बोलता फोडायचो. डोकंच गेलं बहुतेक. सुनंदा जेवताना नुसतं वाढत राहिली. नंतर सहीसाठी पेन शोधत बसलो. पेन हातातच.

११ मे
दाढी करताना एकदम डोक्यात आलं. ही तर विषम! विषम परिपूर्ण संख्या आजवर जगात कुणालाच सापडलेली नाही. मग बाईंना कुठनं सापडली?
"सुनंदा, शेवटचा आकडा माझ्या तळहातावर काढ. दिसतोय तसा."
काढला. सहा!
कन्नड सहा आणि नऊ, जुळी भावंडं. सुनंदा गडहिंग्लजची, कन्नड आकडे शिकली ते इथल्या बसच्या पाट्यांवरून.
"अगं बाई, ह्यो सहा व्हय? माझ्यामुळं तीन दिस तुमच्या जिवाला घोर..." रडायलाच लागली. मी हसत होतो. चूक वाचण्यात होती, डोक्यात नव्हती. किती बरं वाटलं म्हणून सांगू. बाईंचे उपकार आहेतच, पण सुनंदाच्या चुकीचे जास्त. बरोबर वाचती तर निम्मी-निम्मी करत बसलो असतो. चूक अजून पकडता येते, हे कळलंच नसतं.

१३ मे
३३५५०३३६. निम्मी, परत निम्मी, बारा वेळा. उरले ८१९१. हा अविभाज्य निघाला तर बाईंची संख्या परिपूर्ण, जमलं. ८९ पर्यंतच्या सगळ्या अविभाज्यांनी भागून बघायचं. ४३ पर्यंत आलो. लवकर दमतो. दोनदा हातचा विसरलो.
हेडमास्तरांचा फोन. "येताय न्हवं, सर?" सोमवारी सांगतो म्हटलं.
सुनंदा : "ती विषमवाली कधीच सापडायची न्हाय का वो?"
"न्हाईच, असं कुणी सिद्ध केलेलं न्हाय."
"मग असंल की."
आकडेमोडीची वही संपली म्हणून सकाळी तिनं एक कागद आणून दिला होता. भागाकार त्याच्यावरच चाललेत, जागा उरलेली नाही. आत्ता उलटून पाहिला. राजीनामा.