निवलेली कॉफी

तंजावर, मे १९९४, रविवार संध्याकाळ

अजून ती कॉफीच डोक्यात आहे. अण्णा, माझा थोरला भाऊ, सरकारी बँक सोडून मद्रासच्या खासगी कंपनीत गेला, तेव्हापासून अप्पा त्याच्याशी बोलत नव्हते. आज तो घरी येणार होता. अम्माने दूध तापवलं आणि तेवढ्यात गॅस संपला. कॉफीचा काळा अर्क, डिकाक्शन, एका भांड्यात, दूध दुसऱ्यात. मी म्हटलं, आत्ताच मिसळ, दोन भांड्यांतून उष्णता लवकर निघून जाते. कॉलेजात हेच तर शिकवते मी.

"तो आल्यावर मिसळीन गे," अम्मा म्हणाली. "आणि नाही आला तर? मिसळलेलं परत वेगळं करता येतं काय?"

नाही येत. गेलेली ऊबही आपणहून परत येत नाही.

मद्रासची गाडी पापनाशमला अडकली, उशिरा आली. अण्णा अप्पांच्या समोर बसला. कॉफी कोमट, मी म्हटलं होतं तशीच. तरी तो ती पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात उंचावरून ओतत राहिला, कढत कॉफी निववतात तशी. मान खाली. कोमट कॉफी कशाला निववायची? मला कळायला जरा वेळच लागला. ओतत होता तोवर त्याला अप्पांकडे बघावं लागत नव्हतं.

अप्पांनी पेपर खाली ठेवला.

"निवलीय रे ती कधीच," ते म्हणाले. "पी आता."