विठाबाईची शेपटी

मु. पो. वडगाव रासाई,
अक्षय तृतीयेनंतरचा मंगळवार

आदरणीय भिमाजीराव दाजींना धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे रखमाजीचा, गुडघा परवानगी देईल तितका वाकून नमस्कार.

तुमची शुगर, तुमचा पाय, तुमची जर्सी गाय आणि तुमचा राग, या चौघांची तब्येत कशी आहे? पहिल्या तिघांची खबर अक्का देते (ती पाठ दुखते म्हणून पाच दिवसांपासून इकडे माहेरी आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच). चौथ्याची खबर कुणीच देत नाही, कारण विचारायची कुणाची छाती नाही. इकडे सगळं ठीक, माझा डावा खुबा सोडून. त्याचं पुढं येईलच. तुम्ही म्हणाल, खिशात फोन असताना हा कागद कशाला? दाजी, फोनवर एक ठराविक नाव निघालं की तुम्ही ‘रेंज न्हाई’ म्हणून ठेवून देता, आणि मांडवगणात मोबाईलचा टॉवर तुमच्याच गोठ्यामागं उभा आहे. कागदाला रेंज लागत नाही. हे पत्र घेऊन आलेल्या माणसाला आधी पाणी द्या आणि ओट्यावर बसवा. तुमचा चष्मा सापडून सगळं वाचून होईस्तोवर त्याला ताटकळत ठेवू नका. चांगल्या घरचा आहे.

आपल्या धनश्रीच्या, माझ्या भाचीच्या, लग्नाची पत्रिका पोचली. दौंडच्या छापखान्यानं काम झोकात केलंय, गणपती तर हात लावला की बोटाला सोनेरी होतो. मी सगळी नावं वाचून काढली, त्र्याण्णव भरली. त्यात सोसायटीचे माजी चेअरमन आहेत, आजी चेअरमन आहेत, होऊ घातलेले चेअरमन आहेत, तुमच्या चारीला पाणी सोडणारा पाटकरी आहे, आणि ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारं दोन महिन्यांचं बाळही आहे, ज्याला अजून मान धरता येत नाही. एक नाव मात्र मला सापडलं नाही. नजर कमी झाली असेल म्हणून पप्पूकडून (माझा थोरला) पुन्हा वाचून घेतली. त्यालाही सापडलं नाही. असो. तो विषय इथंच ठेवतो. मी कासवांचं सांगायला बसलोय.

आमच्या विहिरीतली दगडोबा-विठाबाईची जोडी तुम्हाला नव्यानं सांगायला नको. पाणी स्वच्छ राहावं म्हणून चाळीस वर्षांपूर्वी आमच्या दादांनी नदीवरून दोन कासवं आणून विहिरीत सोडली. तेव्हा सगळेच सोडत. जे जरा मोठं होतं तो नवरा, दगडोबा, आणि जे सारखं मान आत घेऊन लाजायचं ती बायको, विठाबाई. (मान आत घेणं हा कासवाचा जन्माचा धंदा आहे, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.) त्यात ऊन चांगलं पडलं की दगडोबा खालच्या पायरीवर विठाबाईच्या पाठीवर चढायचा. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या आणि म्हातारी माणसं ‘शुभ हाय, शुभ हाय’ म्हणत हात जोडायची. मग भावकीत रीतच पडली, की जेजुरी करून आलेल्या नवरा-नवरीनं आमच्या विहिरीवर यायचं, जोडीला कणकेच्या गोळ्या टाकायच्या आणि एकमेकांचं नाव घ्यायचं. चौतीस वर्षांपूर्वी तुम्ही आणि अक्का आला होता. वाकताना तुमची टोपी पाण्यात पडली होती आणि ती दोन दिवस विठाबाईनं वापरली. तेव्हापासून भावकीतल्या कुठल्याही लग्नात माईक हाती आला की तुमचं भाषण ठरलेलं: ‘दगडोबा-विठाबाईकडं बघा! भांडान न्हाई, तंटा न्हाई. संसार करावा तर आसा!’ हे भाषण मी एकोणीस वेळा ऐकलंय. झोपेत म्हणून दाखवीन.

यंदा पाणी खाली गेलं म्हणून विहिरीतला गाळ काढायला घेतला आणि जोडीला तेवढ्यापुरतं कपडे धुवायच्या टपात ठेवलं. त्याच वेळी पूनम नावाची एक कॉलेजची मुलगी भीमेतल्या कासवांची नोंद करत गावात फिरत होती. ती टपाशी बसली, दोघांना उलटसुलट करून बघितलं आणि सहज म्हणाली, “काका, दोन्ही नर आहेत.” मी म्हटलं, “नीट बघ बाय. तिचं नाव विठाबाई हाय.” तिनं मला दोन जाडजूड, लांब शेपट्या दाखवल्या. मादीची एवढीशी असते म्हणे. आता मला सांगा, भल्या माणसानं चाळीस वर्षं दुसऱ्याच्या बायकोची शेपटी कशाला बघावी? मग मी जरा घसा खाकरून, इकडंतिकडं बघून, पाठीवर चढण्याचं विचारलं. ती पोरगी काही लाजली नाही. म्हणाली, नर कासवं नरांवर चढतात, लोकांनी पाहून लिहून ठेवलंय. कधी ओळखण्यात चूक होते, कधी दांडगाई असते, कधी नेमकं का ते कळत नाही. “त्यांना विचारता येत नाही ना, काका.”

ही बातमी चहा उकळायच्या आत भावकीभर झाली. इथंच कणकेच्या गोळ्या टाकून गेलेल्या सुषमाच्या सासूनं ‘तरीच!’ म्हणून कपाळावर हात मारला (सुषमा भाजीत मीठ विसरते, त्याचा उलगडा तिला झाला). पोपटअण्णांनी पारावर बैठक बोलावली. (भावकीचे प्रमुख त्यांना कुणी केलं हे मला माहीत नाही, तुम्हाला माहीत असल्यास कळवा.) आजवरच्या लग्नांचे आशीर्वाद खरे धरायचे की बाद, यावर तास गेला. अण्णांचं म्हणणं, नदीवरून खरी मादी आणू. पूनमनं सांगितलं, कासव धरणं गुन्हा आहे, आत बसाल. (विहिरीतल्या या दोघांचं काय करायचं, तेही मी वनखात्याला विचारणार आहे.) तेव्हा अण्णा गडबडीनं म्हणाले, “मंग निदान दोघं येगळं करा. धनश्रीचं लगीन तोंडावर हाय. पावण्यांना काय दाखवायचं?” मला हे पटलं असं नाही, पण मी मान हलवली. मान हलवायची सवय वाईट असते, दाजी.

अशा रीतीनं विठाबाईला (आता विठोबा म्हणायला हवं, पण तोंडात बसलंय) अण्णांच्या शेततळ्यात सोडायचं काम माझ्याकडं आलं. शेततळ्याला काळा प्लास्टिकचा कागद असतो आणि तो लोण्याहून निसरडा असतो, हे मला पाय ठेवल्यावर कळलं. विठाबाई पाण्यात गेली आणि मागोमाग मी. ती पोहत लांब गेली, मी मात्र तासभर वर चढून खाली घसरत राहिलो. अण्णा काठावरून ‘धर, धर’ म्हणत होते, काय धरायचं ते सांगत नव्हते. शेवटी माझ्याकडं आलेला एक उंच पाहुणा धावत आला. त्यानं गोणपाटांना गोणपाटं बांधून लांब पट्टी केली, एक टोक बाभळीला बांधलं, आत उतरला आणि मला वर ओढून काढलं. वर आल्यावर हसलाही नाही (पप्पू अजून हसतोय). खुबा त्या दिवशीचा. त्या गडबडीत गोणपाटाची पट्टी तळ्यात तशीच लोंबत राहिली.

इकडं दगडोबानं खाणं टाकलं. कणीक टाकली, भात टाकला, अक्कानं पुरण टाकलं, बघेचना. खालच्या पायरीवर यायचा आणि मान बाहेर काढून बसून राहायचा. मी रोज जाऊन बघत होतो आणि रोज घरी येऊन माझंही जेवण नीट जात नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी अण्णांच्या उसाला पाणी देणारा गडी ओरडत आला. विठाबाई गोणपाटावरून चढून, अख्खा ऊस ओलांडून विहिरीच्या कठड्याला येऊन धडकली होती. कठडा चढता येईना, म्हणून भिंतीला डोकं लावून उभी. अंगावर चिखल, पाठीवर पाचट. आम्ही सगळे गोल उभे राहिलो. शेवटी पोपटअण्णांनी टोपी काढली, स्वतः तिला उचललं आणि म्हणाले, “जाऊ द्या. ज्याचं घर हाय त्याला जाऊ द्या.” पाटीत घालून खाली सोडली. दगडोबानं दुपारी पुरण खाल्लं.

दाजी, मला तुमच्यासारखं भाषण येत नाही. दोन वर्षांपूर्वी विश्वजीतनं तुमच्यासमोर बसून सांगितलं, की मी मुलीशी लग्न करणार नाही, पाबळच्या रुद्रबरोबर घर मांडलंय आणि तसाच राहणार. तुम्ही म्हणालात, “मला पोरगं न्हाई.” मी तिथंच बसून शेंगा सोलत होतो. भाचा माझ्याकडं बघत होता आणि मी सोलत राहिलो. पाटीभर सोलल्या. त्याची मला लाज वाटते. तुमच्या चौतीस वर्षांच्या संसाराला आशीर्वाद दिला तो दोन नरांनी, आणि बाद व्हावा असं त्यात मला काही दिसत नाही (अक्काला विचारलं, ती म्हणाली, ‘संसारात खोट आसंल तर ती कासवांची न्हाई’). त्यांच्यासाठी तुम्ही एकोणीस वेळा माईक धरलात. पोरासाठी एकदा तोंड उघडा.

लहान तोंडी मोठा घास झाला असल्यास धाकटा समजून पोटात घाला.

तुमचाच,
रखमाजी

ता. क. कानपिळीला तुम्ही पप्पूचं नाव लावलंय. नवरदेव सहा फुटांचा, पप्पू पाच. स्टुलावर चढून कान पिळलेला बरा दिसत नाही. नवरीचा सख्खा भाऊ सहा फुटी आहे.

ता. क. दुसरा. पत्रिका पुन्हा छापू नका. माझ्या प्रतीवर चौऱ्याण्णवावं नाव मी पेनानं लिहिलंय. अक्षर चांगलं आलंय.

ता. क. तिसरा. अक्काची पाठ ठणठणीत आहे. पाच दिवस ती दोघा पाहुण्यांना पुरणपोळ्या करून घालत होती, दगडोबाला मिळालं ते त्यातलंच पुरण. ती आजच परत येते आहे. कशी, ते खाली.

ता. क. शेवटचा. मला शेततळ्यातून ओढून काढणारा रुद्र. तुमच्या ओट्यावर बसलाय तोही तोच. पाणी दिलं नसेल तर आता द्या. विश्वजीत आणि अक्का पिंपळाखाली गाडीत आहेत. तुम्ही बोलावल्याशिवाय तो उतरणार नाही म्हणतो. हा हट्ट कुणाचा घेतलाय ते तुम्हाला सांगायला नको. हाक जरा मोठ्यानं मारा, गाडीच्या काचा वर असतात.