टिचकीचा जोर

टोरोंटो, ६ मे १९८४

बाबांना संघपालचा जयभीम,

इथली थंडी सरली. जेवण वेळेवर होतं, आईला सांगा.

काम काय करतोस, असं विचारलंत. इथले डॉक्टर घोड्यांचे मणके हातातल्या एका हत्याराने बसवतात. ते टॉर्चएवढं असतं, आत स्प्रिंग असते. खटका दाबला की टिचकी बसते. तिचा जोर मी लोखंडी चकतीवर मारून मशीनवर मोजतो. हत्यार एकच, पण तिघांच्या हातात जोर तीन तऱ्हेचा भरतो.

परवा कामावरच्या साहेबांनी खटके मोजले शंभर आणि मशीनवर नोंदी निघाल्या नव्वद. दर दहातली पहिली टिचकी मी माझ्याच मांडीवर मारत होतो. माथेरानला घोड्याची पाठ चोळताना तुम्ही म्हणायचात, "आधी आपल्या मांडीवर दाबून बघ रं, मंग जनावराला हात लाव." हात आपोआप तिकडे गेला, ध्यानातही आलं नाही. साहेब हसले नाहीत. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

भिसेगावच्या घराची कौलं चाळून झाली का? तांबडी घोडी उतारावर अजून बिचकते का?

पडल्यापासून दुखावलेला उजवा हात आता बरा आहे, असं तुम्ही तीन पत्रांत कळवलंत. तिन्ही पत्रं धाकट्या कमळाकरच्या अक्षरात आहेत. या वेळी खाली सही तेवढी तुम्ही करा, बॉलपेनने. कागद उलटा करून मी मागे उठलेल्या रेघांवरून बोट फिरवीन. हात किती बरा आहे, ते मला कळेल.

तुमचा
संघपाल