लाल घरातली मंत्री

वाडुझ, मंगळवार

बाबा, लेकीचा नमस्कार.

तुमची नात उर्सिना मंत्री झाली! आपल्या इवल्याशा देशाच्या पाच मंत्र्यांत तीन आपल्या जुन्या विरोधकांच्या, काळ्या पक्षाचे, दोन आपल्या लाल पक्षाचे. शपथ घेताना तिचा आवाज जराही कापला नाही. हे आज हयात असते, तर यांनी आधी तिला चिडवलं असतं, मग रडले असते.

काळ्यांचे पंतप्रधान म्हणाले, "काकू, तुमच्या नवऱ्यानं मला कधी नमस्कारसुद्धा केला नाही."

म्हटलं, "आता लेक रोज करेल, व्याजासकट!"

तुमचा खोकला कसा आहे? गावात बर्फ वितळलं का?

काळ्यांशी युती केली म्हणून तुम्ही उर्सिनाशी बोलणं टाकलंत. फोन वाजला की ती धावते. रविवारी मी चीज घातलेले क्नॉप्फ्ले करतेय, तुमचे आवडते पिठाचे गोळे. या. विरोधकांबरोबर जेवायची सवय तिला करायचीच आहे, सुरुवात तुमच्यापासून होऊ दे.

तुमची,
नोटबुर्गा