गाडी घेतल्यावरच घरी

माधव नगर, उज्जैन
मंगळवार, १८ नोव्हेंबर १९९७

प्रिय आल्हाद,

काल तुझ्या ऑफिसात एवढा वेळ बसले आणि जे सांगायला आले होते त्यातलं एक अक्षरही न सांगता परत आले. तू मात्र मला निरोप देताना म्हणालास, "ताई, किती दिवसांनी मस्त गप्पा झाल्या." गप्पा कसल्या? तू बोललास आणि मी चहा प्याले. मधे तुझा पेजर वाजत होता, मधे ती रिसेप्शनवरची मुलगी दार उघडून "सर, रतलामवाले आ गए हैं" म्हणून जात होती, आणि तू पुढच्या काही वर्षांत हा देश कुठल्या कुठे जाणार आहे ते मला समजावत होतास. मी दोनदा "आल्हाद, ऐक ना" म्हटलं. दोन्ही वेळा तू म्हणालास, "एक मिनिट ताई, हा पॉइंट पुरा करू दे." तो पॉइंट अजून पुरा झालेला नाही. म्हणून आज माझ्या टायपिंग क्लासची सकाळची बॅच सुटल्यावर लिहायला बसले आहे.

आधी तुझ्या आरशाबद्दल बोलते, कारण तो माझ्या डोक्यातून जात नाही. बसची धूळ धुवायला म्हणून तुझ्या मागच्या खोलीत गेले, तर आरसा आहे कुठे तेच कळेना. सगळ्या काचेवर कार्डं. 'दहा शहरं, दहा शाखा.' 'रोज पहाटे उठून व्यायाम.' 'इंग्रजी बोलताना अडखळायचं नाही.' मधोमध लाल मारुतीचं चित्र, मासिकातून कापलेलं. आणि त्याच्या खाली तुझ्या अक्षरात: 'ताईचं लग्न, डिसेंबर ९८'. आल्हाद, मी चाळिशीला आलेली बाई आहे. मला लग्न करायचं असतं तर मी केलं असतं, आणि अजूनही वाटलं तर तुला कळवीन. पण तुझ्या शाखांच्या आणि व्यायामाच्या मधे मला कुणी चिकटवलं? तारीख घालताना निदान विचारायचं तरी. शेवटी केस मी खिडकीच्या काचेत बघून विंचरले आणि ते कार्ड काढून पर्समध्ये टाकलं. शोधू नकोस.

तू म्हणशील, ताईला ध्येय वगैरेची कदर नाही. तुझ्या कोर्सला येणाऱ्या लोकांना तू सांगतोस ना, लक्ष्य लिहून काढा, तारीख घाला, रोज सकाळी त्याच्यासमोर उभे राहा. सांग की. बिचारे दुकानदार, मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, बँकेतले लोक, सगळ्यांनाच हल्ली वाटतं की आपलं काहीतरी मागे राहून गेलंय. तुझ्या बोलण्याने ते चार दिवस ताठ मानेने फिरत असतील तर वाईट काय आहे? पण आपल्याकडे टायपिंग शिकलेली जयू, ती आता इंदूरला नोकरी करते, तुझा कोर्स करून आली. दिवाळीत भेटायला आली होती. ती म्हणाली, "सर आपल्या वडिलांचं उदाहरण देतात. जन्मभर एका खुर्चीत बसलेला माणूस, ज्याने कधी स्वप्नच पाहिलं नाही." दादा तिथेच बसले होते; सरांचे वडील ते हेच, हे तिच्या बोलून गेल्यावर लक्षात आलं. जयूचं तोंड एवढंसं झालं. दादा हसून म्हणाले, "बरोबर बोलतो तो. कोर्टात खुर्ची चांगली होती." पण चकलीचा तुकडा त्यांनी बशीत परत ठेवला.

तू तुझी गोष्ट लोकांना तुझ्या पद्धतीने सांगतोस, तर एकदा माझ्या पद्धतीने ऐक. तू वीज खात्यातली नोकरी सोडलीस तो दिवस. उन्हाळा होता, आपण जेवायला बसलो होतो, आई जाऊन वर्ष झालं होतं. तेव्हा सगळीकडे तेच चाललेलं, आता बाजार मोकळा झाला, आता परदेशी कंपन्या येणार, आता सरकारी नोकरीत कोण सडणार. तू राजीनामा आधी देऊन आला होतास आणि मग घरी सांगितलंस. दादा म्हणाले, "सहा महिन्यांत ह्याच फाटकाशी येऊन उभा राहशील." ते त्यांनी बोलायला नको होतं, मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. आणि तू ताटावरून उठलास आणि म्हणालास, आता या फाटकातून आत येईन तो स्वतःच्या गाडीत बसून, तोवर नाही. दादांनी मान वर न करता म्हटलं, "मग फाटक रुंद करून घ्यावं लागेल." आमटी गार झाली. संध्याकाळच्या बसने तू गेलास. मला वाटलं होतं, राखीपर्यंत येईल.

तेव्हापासून चार वर्षं मी भाऊबीजेला ताम्हन, निरांजन, सुपारी पिशवीत घालून बसने इंदूरला येते. दीड तासाचा रस्ता आहे रे. लोक इथून रोज तिकडे नोकरीला जातात आणि संध्याकाळी घरी येऊन जेवतात. आधी तू केबलचा धंदा केलास, तेव्हा गाडी पुढच्या दिवाळीला येणार होती. मग पेजरची एजन्सी, तेव्हा पाडव्याला. मग आता मोबाइल येणार म्हणून तीही सोडलीस आणि लोकांना ध्येयं शिकवायचे हे क्लास काढलेस, आणि खरं सांगते, हे तुला जमलंय. काल बाहेर बाकावर बसलेले लोक मी पाहिले, ते तुझी वाट बघत होते. मला अभिमान वाटला आणि त्याच वेळी तुझे कान उपटावेसे वाटले. तुझ्याजवळ आता गाडी घेण्याइतकं असेलही. मी विचारलं तर म्हणालास, आता साधी मारुती नको, एकदम मोठी घेऊ. म्हणजे ध्येय जवळ आलं की तू ते उचलून आणखी लांब ठेवणार, आणि आम्ही इथे बसणार.

आणि हो, फाटक दादांनी खरंच रुंद करून घेतलंय. गेल्या उन्हाळ्यात. मला म्हणाले, जुन्याला गंज लागला होता. जुन्याला काही झालं नव्हतं. लोहार आला, त्याने माप विचारलं, तर दादा म्हणाले, "एक कार आराम से निकल जाए, बस." मी आतून ऐकलं. तुला हे कधी सांगायचं नाही अशी मला ताकीद आहे. अशा बऱ्याच गोष्टी न सांगण्याची मला ताकीद आहे आणि मी तुम्हा दोघांच्या ताकिदी सांभाळून सांभाळून थकले आहे.

माझं विचारशील तर, काल तू ते विचारलं नाहीस, पण समजा विचारलंस, तर क्लास छान चाललाय. दादांनी निवृत्तीनंतर काढलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मी तीन कॉम्प्युटर घेतले. तू मला पाच वर्षांची योजना पाठवली होतीस, देवास गेटला एक शाखा, नानाखेड्याला एक, नाव बदलून काहीतरी 'ग्लोबल'. मी ती वाचली, बाजूला ठेवली. मला एवढंच हवं होतं की नानाखेड्याच्या नव्या कॉलन्यांतून सायकलवर येणाऱ्या ज्या मुलींना घरचे इंदूरला पाठवत नाहीत, त्यांना इथे शिकता यावं आणि शिकून झाल्यावर कुठेतरी काम मिळावं. हेही ध्येयच आहे, फक्त मी ते कुठे चिकटवलं नाही. लाईट गेली की कॉम्प्युटर बंद, मग त्याच मुली उठून टाइपरायटरवर बसतात आणि खोलीत पुन्हा तो जुना खडखडाट सुरू होतो. यंदा त्यातल्या बऱ्याच जणी नोकरीला लागल्या. एकीच्या वडिलांनी मला पेढे आणून दिले आणि वर विचारलं, "मॅडम, इसके लिए अब लड़का भी आप ही देख लो." सगळ्यांनाच कुणाचं तरी लग्न ठरवायचं असतं.

दादांचं मात्र कठीण झालंय. अगदी परवापरवापर्यंत मी ह्याला म्हातारपणाचा हट्टीपणा समजत होते. लूना विकून टाकली, का, तर फ्रीगंजात ट्रॅफिक वाढलं. पेपरवाल्याशी भांडले, का, तर छपाई फिकी झाली. बैठकीतलं स्टूल, जे आई असल्यापासून त्याच जागी आहे, त्याला अडखळले आणि मला बोलले, रस्त्यात सामान का ठेवतेस. चहा ओततात तो निम्मा बशीत. क्लासची नवी पाटी रंगवून आली, 'संचालिका: विनोदिनी' लिहिलेली, हे त्यांनी स्वतः सांगून लिहवून घेतलं होतं. पाटी समोर धरली तर म्हणाले, "पेंटरने तुझं नाव गाळलं." नाव होतं, अगदी टोकाला, ठसठशीत. मला वाटलं, माणूस आपणच मान देतो आणि आपणच टोमणा मारतो. आठवडाभर मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. मग एक दिवस ते सरळ उघड्या कपाटाच्या दारावर जाऊन आदळले, कपाळाला टेंगूळ आलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे काहीतरी वेगळं आहे. इथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि चिठ्ठी दिली, इंदूरला दाखवा.

तर काल मी इंदूरला एकटी आले नव्हते, आल्हाद. दादा बरोबर होते. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू आहे, बराच पुढे गेलेला. बाजूचं सगळं गेलंय, डावीकडचं, उजवीकडचं, खालचं. समोरचं तेवढं उरलंय, नळीतून बघावं तसं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी टिकलं तर टिकेल, भरवसा देता येत नाही. बाहेर आल्यावर दादांनी थेंबांची चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "त्याचं ऑफिस इथेच कुठे आहे ना?" वर यायला तयार नव्हते. मी रिक्षाने तुझ्या इमारतीसमोर आणलं, रस्त्यापलीकडच्या चहाच्या दुकानात बाहेरच्या बाकावर बसवलं. डोळ्यांत औषध घातलेलं, त्याने समोरचंही धूसर झालेलं, त्यावर काळा चष्मा, कानाला मफलर. मला बजावलं, आजाराचं बोलायचं नाही, त्याला फक्त खाली चहाला घेऊन ये. आणि मी तुला खाली चहाला आणू शकले नाही, कारण रतलामवाले आले होते. पण शेवटी तू मला रिक्षा करून द्यायला आलास. रस्ता ओलांडून, पेजरमध्ये डोळे घालून, तू त्या बाकाजवळून गेलास. हात लांब केला असता तर त्यांच्या खांद्याला लागला असता. तू त्यांना पाहिलं नाहीस. ते समोर तुझ्या इमारतीच्या दाराकडे बघत बसले होते, तू त्यांच्या डाव्या बाजूने गेलास, आणि त्यांना तू दिसला नाहीस. मी हाक मारणार होते, पण भर रस्त्यात, तुम्ही दोघं असे, मी तशीच रिक्षात बसले. तू गेल्यावर मी रिक्षा त्यांच्यापाशी नेली. त्यांनी विचारलं, "तो खाली आलाच नाही का?" मी म्हटलं, कामात होता. ते म्हणाले, "काम चांगलं चाललंय म्हणजे."

तुझी ती मोठी गाडी तू घेशील, मला शंका नाही. पण ती दारात उभी राहील तेव्हा त्यांना तिचा फक्त हॉर्न ऐकू येईल. म्हणून हे सगळं, ताकीद मोडून. येत्या रविवारी ये. बसने ये, देवास गेटला उतर, पुलावरून येणारा टेम्पो धर आणि चालत फाटकातून आत ये. सकाळी ये, उजेड असताना. गडद कपडे घालू नकोस. त्यांच्या बाजूला बसू नकोस, खुर्ची ओढून अगदी समोर बस, जवळ. आणि एकदा तरी, आल्हाद, लगेच बोलायला लागू नकोस. त्यांना आधी तुला नीट बघू दे.

चिडलेली, पण तुझीच,
विनूताई