माझ्या फुप्फुसांची आणि इतर मालमत्तेची व्यवस्था

तलावावर पोहणे शिकवण्यात आयुष्य घालवलेली मी, वय एकाहत्तर, विधवा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. दगा दिला तो फुप्फुसांनी. दडपण कोणाचेही नाही.

१. वरच्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या धाकट्या भावाला द्याव्यात. दम लागतो म्हणून मी त्याची तळमजल्यावरची खोली मागितली, तेव्हा तो म्हणाला, "ताई, जिना चढणं तब्येतीला चांगलं." त्याचीही तब्येत चांगली राहावी.

२. शिट्टी आणि लांब बांबू तलावावरच्या नव्या बाईंना. घाबरलेल्या पोरावर ओरडायचे नाही, एवढीच अट.

३. बँकेतली ठेव व दागिने माझ्या एकुलत्या लेकीला. ती प्रयोगशाळेत म्हाताऱ्या पेशींवर काम करते. माझा आजार कळला त्या दिवशी मीच तिला खोदून विचारले.

"आई, काही पेशी म्हाताऱ्या झाल्या की त्यांची वाढ थांबते, पण त्या मरत नाहीत. तिथेच ठाण मांडतात, आणि शेजारच्या चांगल्या पेशींना बिघडवणारी रसायनं सोडत राहतात. फुप्फुसं अशी कडक होण्यात त्यांचा हात असतो."

"म्हणजे निवृत्त होऊनही रोज ऑफिसात येऊन बसणारे आमच्या तलावाचे मॅनेजर!"

ती हसली नाही.

"मग काढून टाक की त्यांना."

"उंदरांमध्ये काढल्यात. ते बरेच सुधारले."

"आणि माझ्यात?"

"माणसांवर चाचण्या आत्ता कुठे सुरू झाल्यात गं. खात्रीचं औषध नाही." एवढे बोलून ती स्वयंपाकघरात गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. मला उठून तिच्यापर्यंत जाता आले नाही. मी खुर्चीतूनच "अगं, राहू दे" म्हणत राहिले. नळाच्या आवाजात तिला ते ऐकू गेले नसावे.

४. माझ्यामागे फुप्फुसाचा तुकडा तिच्या प्रयोगशाळेला द्यावा. ती नको म्हणेल, तिचे ऐकू नये. मात्र तो तिच्या टेबलावर ठेवू नये. दुसऱ्या कोणीही तपासावा. त्या दिवशी तिला सुट्टी द्यावी, आणि कोणीतरी तिच्यासोबत घरी जावे.

वाचून, समजून, मध्ये दोनदा थांबून सही केली.

सही: लिहून ठेवणारी
साक्षीदार: शेजारच्या शिवणकामवाल्या काकू (सही); औषधांच्या दुकानाचे मालक (सही)
स्थळ: राहते घर, खिडकीजवळची खुर्ची
दिनांक: ९ मार्च, सकाळी