दाराबाहेरचं पान

रविवार, संध्याकाळ

अभिलेखागारातून मागवलेल्या कागदाची प्रत आज आली. खापरपणजोबा तुकोजी काळ्या पाण्यावर गेले आणि तिकडेच वारले, असंच आजवर ऐकत आले. कागद वेगळंच सांगतो. शिक्षा संपली, मद्रासच्या बोटीत बसवलं, घरी रवाना. म्हणजे माणूस परतला होता?

शिवाजीनगरचं दुकान बंद करून माझे वडील, अण्णा, आले, तेव्हा त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी कागद हातात घेऊन पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "त्यांचं श्राद्ध घालून झालं होतं गं. बायकोनं कुंकू पुसलेलं. दारात आले असते तरी आत कोण घेणार?"

तेव्हापासून ते दाराबाहेरचं पान डोक्यातून जात नाही. सर्वपित्रीला आम्ही एक केळीचं पान दाराबाहेर वाढतो. घरातल्या बाईनंच वाढायचं आणि मागे न बघता आत यायचं. आधी आई वाढायची, आता मी. कोणासाठी, म्हणून विचारलं तर आई म्हणायची, "अगं सरी, सासूबाईंनी सांगितलंय, करायचं."

पहिलं पान कोणी वाढलं असेल? तिनंच ना, त्यांच्या बायकोनं? मागे न बघता?

आणि ती रांगोळी. श्राद्धाच्या दिवशी आमच्या घरात रांगोळी काढत नाहीत. बाहेरच्या त्या एका पानाभोवती मात्र काढतात. इतकी वर्षं मी काढत आले, कधी विचार केला नाही.

रांगोळी जिवंत माणसाच्या पानाभोवती काढतात. ते जिवंत आहेत, हे तिला माहीत होतं.